मापासाठी माणूस

वासणोलचा चबुतरा, फोटो क्रमांक एकोणीस.
कोठावीचं वाचनालय, क्रमांक बावीस,
घड्याळात कायमचे सव्वाचार.
जेसंगपुऱ्याच्या देसायांची हवेली, तुळईवर मोरांची रांग,
एका मोराला चोच नाही.
मग वाव, खाली खाली जाणाऱ्या पायऱ्या
आणि कठड्यावर वाळत टाकलेली कुणाचीतरी गोधडी.

दांडिया बाजारातल्या शिरोडेकाकांनी काढलेले हे फोटो,
अडुसष्ट साली, जिल्ह्याच्या नोंदवहीसाठी.
त्यांच्या मुलानं दुकान विकलं
आणि सगळं माझ्या टेबलावर आलं
फरसाणाच्या खोक्यातून.
अजून हिंगाचा वास येतो.

प्रत्येक फोटोत डाव्या बाजूला
तोच एक माणूस.
पांढरा सदरा, हात मांड्यांना चिकटलेले,
कुणीतरी "हलू नकोस" म्हटल्यापासून
हललेलाच नाही.
मागे काकांचं मुंगीसारखं अक्षर:
मापासाठी माणूस. पाच फूट तीन इंच.
नाव नाही.

मी पट्टी घेऊन बसले.
चबुतरा म्हणजे साडेचार माणूस.
वाचनालय सहा.
हवेली सात, डोक्यावर डोकं ठेवत गेलं तर.
नोंदवहीतही तेच आकडे, फुटांत.

मग प्रत्यक्ष बघायला निघाले, डभोईच्या बसनं,
नवी नोंदवही करायची म्हणून.
चबुतरा नाही. तिथे मोबाइल रिचार्जचं दुकान.
कबुतरं मात्र तेवढ्याच उंचीवर
तारेवर येऊन बसतात,
पायाखालचं काय गेलं ते त्यांना सांगितलेलं नसावं.

वाचनालय आहे. आत खताची पोती.
माझ्या यंत्राचा लाल ठिपका भिंतीवरून चढत
सव्वाचारपाशी पोचला, आणखी वर गेला.
दीड फूट जास्त.
हवेली पावणेदोन फूट जास्त.
पुन्हा मोजलं. सेल बदलून मोजलं.
पन्नास वर्षांत घरं खचतात, झुकतात, विकली जातात.
वाढत नाहीत.

खताच्या पोत्यांवर बसलेला म्हातारा फोटो बघून म्हणाला,
"आ तो मोघजी! मोघजी तडवी.
बस-स्टँडवरून फोटोवाल्याची पेटी
हाच तर डोक्यावर आणायचा."

मोघजीची मुलगी संखेड्याला लाखकामाच्या कारखान्यात.
कंकुबेन. नखांत लाल, नखांत पिवळं.
फोटो हातात घेतला आणि तिला हसू आवरेना,
तोंडावर मनगट दाबून
म्हणाली, टाचा बघ बापाच्या.

भिंग लावलं.
गवतात, सावलीत, ओट्याच्या कडेला
टाचा जमिनीपासून सुटलेल्या.
एकोणीसमध्ये. बावीसमध्ये.
वावेच्या शेवाळलेल्या पायरीवरसुद्धा,
जिथे माझा पूर्ण पाय ठरत नव्हता.

"एवढ्या मोठ्या घराशेजारी
बुटकं दिसू नये असं वाटायचं त्याला.
देसायांच्या ओट्यावर तर
एरवी पायच ठेवू देत नव्हते."

तर असं झालं:
एक माणूस तीन इंच वर उठला
आणि कागदावर आख्खा तालुका खाली बसला.
हवेल्या, घुमट, घड्याळं, मोर,
सगळे थोडे थोडे बुटके,
पन्नास वर्षं, सही-शिक्क्यासकट.

एक फोटो हवाय, म्हणाली.
मला वाटलं, हवेलीचा मागेल.
तिनं काट मारलेला काढला,
ज्यात काकांचा हात हलला होता,
इमारत निम्मी चौकटीबाहेर गेली होती
आणि उरला होता तो एकटाच,
स्वच्छ, चवड्यांवर.

परत येऊन आकडे दुरुस्त केले.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
मापाचा माणूस: मोघजी तडवी, पेटीवाले.
उंची घरी पाच फूट तीन.
फोटोत पाच फूट सहा.

साहेबांनी त्याभोवती पेन्सिलीनं गोल काढलाय.
खोडलेलं नाही अजून.