आवाज बंद

मे महिना. रात्रीचे पावणेदोन. रामेश्वरी,
दुसरा माळा, वर पत्रे.
दिवसभर तापलेले पत्रे रात्री टणटण बोलतात
आणि आम्ही कूलर बंद करून बसलोय.

कारण ती आंधळी आहे, कानाने शिकार करते,
आणि तिची पावलं आम्हाला ऐकायची असतील
तर कूलरच्या घरघरीत ते जमत नाही.
सुगतचं म्हणणं असं. तो एकोणतीस वेळा मेलाय,
त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन.
मी फक्त बावीस.

नाव तिला गेमने दिलेलं नाही.
आम्ही कंदीलवाली म्हणतो.
बुडालेल्या गिरणीच्या तळघरात, मांडीएवढ्या पाण्यात,
एक हात भिंतीला लावून फिरते.
आंधळी असून कंदील कोणासाठी घेते
हे आठ दिवसांत कळलेलं नाही.

कळलं ते सुगतच्या पॉलिटेक्निकच्या जर्नलमागे आहे:
डोक्यात गोळी वाया. डोकं रिकामं.
पळालं की पाणी वाजतं.
पहिला खांब तिला पाठ आहे, दुसऱ्यामागे बसावं.
बाटली फेकली की आवाजाकडे वळते. एकदाच.
दुसऱ्यांदा फेकणाऱ्याकडे.
खाली लाल पेनाने: घाबरू नये.
त्याच्याखाली माझ्या अक्षरात: कसं?

रिमोट घामाने हातातून सुटतो. तिसावं मरण.
तेवढ्यात दारात डोमाजी काका,
खांद्यावर ओला दुपट्टा.
चौतीस वर्षं अजनीच्या शेडमध्ये इंजिनाखाली काढली,
कान तिथेच ठेवून आले.
"कूलर काऊन बंद केला बे? मराचं हाय का?"

सुगतने स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं, मग टीव्हीकडे.
काका पाण्याच्या रिकाम्या कॅनवर बसले
आणि पाहू लागले.

त्यांना सारंगीसारखं चिरकणारं ते काही ऐकू येत नव्हतं,
ना तिचा श्वास,
ना पाइपांतून येणारं लहान मुलाचं रडणं,
ज्याने माझे दात अजून शिवशिवतात.
त्यांना दिसत होती पाण्यातून चालणारी एक बाई.

"डावा पाय पाय नं तिचा," ते म्हणाले.
"चौथ्या पावलाले अडकते. बेअरिंग गेलं.
अडकली का कंदील खाली येते, पाण्यापाशी. तवा मार.
कंदिलाले मार. तिले कायले मारतं?"

आठ दिवस.
आठ दिवस आम्ही तिचे कान सांभाळत होतो.

मी टीव्हीचा आवाज शून्यावर नेला.
कूलर लावला. पंप दोनदा खोकला,
वाळ्याचा वास आला, मानेवर गार काहीतरी.
एक, दोन, तीन, अडकली.
चुकली गोळी. पाणी उडालं. ती वळली.
"बस नं बे खाली!" काका एवढ्या मोठ्याने ओरडले
की समोरच्या गच्चीवरचं कुत्रं उठलं.
एक, दोन, तीन.
काच फुटली. तेल पाण्यावर पसरलं
आणि त्या तेलाला आग लागली, अगदी शांतपणे,
कारण आवाज बंद होता.

तिने पहिल्यांदा भिंतीवरचा हात काढला.
मग कुठे धरावं तिला कळेना.

सुगत उड्या मारत होता. मी झोळी उघडून पाहिली:
पाच औषधं, दोन पट्ट्या, अकरा काडतुसं.
पुढे याहून वाईट येईल म्हणून राखलेली.
एवढं जवळ असून आम्ही बावन्न वेळा मेलो.

काकांनी टाळी वाजवली नाही.
"येवढ्या पाण्यात एकटीच फिरून रायली होती,"
ते म्हणाले, "कोनं ग्रीस नाही लावलं तिले."
आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

जिन्यात बल्ब नाही.
ते भिंतीला हात लावून उतरू लागले.
सुगत उड्या मारायचा थांबला,
मोबाईलचा टॉर्च लावून वरच्या पायरीवर उभा राहिला.
"कायले बे?" खालून आवाज आला. "मले पाठ हाय."

त्याने टॉर्च तसाच धरून ठेवला.