चि. भ. पावशे

कोर्टासमोरच्या चिंचेखाली माझं मशीन.
एक टेबल, दोन स्टुलं, उजव्या आंगठ्यावर
फितीचा काळा डाग, बावीस वर्षांचा.
ऐकतो मराठीत, टाइप करतो कन्नडात,
पैसे मोजतो ओठातल्या ओठात,
ते कुठल्या भाषेत, मलाही ठाऊक नाही.

ती कडोलीच्या बसनं आली.
पिशवीत पासबुक, आधार, मरणदाखला
आणि बँकेनं परत दिलेला अर्ज.
एका नावाभोवती निळ्या पेनाचं रिंगण,
बाजूला प्रश्नचिन्ह, चांगलं मोठं.

भरमाण्णा पावशे, उद्यमबागेत मोल्डर.
एक लाख चाळीस हजारांची ठेव.
वारस म्हणून त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय:
चिमाक्का.
एवढंच. नात्याच्या रकान्यात: घरची.

"आधारला काय आहे?"
"सत्यव्वा."
"रेशनला?"
"सत्तेवा. माहेरच्या शाळेत सत्यभामा होतं,
पण शाळाच दोन यत्ता."
"मग ही चिमाक्का कोण?"
"मीच की गा.
थोरल्या जावेनं ठेवलं, माझ्या उंचीवरनं."

काउंटरवरचा पोरगा वाईट नाही.
लांबून बदली होऊन आलाय,
आमच्या दोन्ही भाषांत सारखाच मुका.
त्याला स्क्रीनवर जे दिसतं ते आहे,
दिसत नाही ते नाही.

"तुम्हाला ते चिमाक्का म्हणायचे?"
"छे. कधीच नाही. 'ऐकलीस काय' म्हणायचे.
चाळीस वर्षं नुसतं 'ऐकलीस काय'.
त्यांचं नाव मी उखाण्यात घेतलं,
माझं त्यांनी बँकेत."

मी कागद चढवला. मी, सत्यव्वा ऊर्फ सत्तेवा ऊर्फ...
"ऊर्फ म्हणजे चोरांच्या यादीत असतंय तसलं?"
मी म्हटलं, तसलंच, पण स्टॅम्प पेपरवर.

पुरावा काही?
तिनं पिशवीच्या तळातून डब्याचं झाकण काढलं.
कडेला चेपलेलं, फौंड्रीची वाळू बसून काळवंडलेलं,
मधोमध भांडीवाल्यानं टिंबाटिंबांनी कोरलेलं:
चि. भ. पावशे.
मी म्हटलं, चि. म्हणजे चिरंजीव. मुलाचा डबा हा.
"मूल नाही झालं आम्हाला," ती म्हणाली.
"ते चिमाक्का."

दोन साक्षीदार लागतात.
जाऊ गेली, बाकी भावकी वाटणीवरून अबोल.
मिळाला एक, दस्तगीर, भट्टीवरचा जोडीदार.
सायकल चिंचेला टेकवून म्हणाला,
"ह्या बाईला मी आजच बघतोय.
पण बाराचा भोंगा झाला की भरमा डबा उघडायचा,
म्हणायचा, बघ, चिमाक्कानं काय दिलंय.
हिच्या हातची अंबाड्याची भाजी
मी डोळे झाकून ओळखीन."
भाजीला कलम नाही.
मी टाइप केलं: साक्षीदार सदर महिलेस
वीस वर्षांपासून व्यक्तिशः ओळखतो.
माझ्या आयुष्यात मी बरंच खोटं टाइप केलंय.
हे त्यात धरत नाही.

दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी मीच सही केली.

मग समोर झेरॉक्सला गेलो.
पोरानं आधी नाही म्हटलं, काच फुटेल.
मग झाकण पालथं ठेवलं, वर तिचाच पदर टाकला.
कागद बाहेर आला तो सगळा काळा,
गोल, अमावास्येसारखा,
आणि मधोमध पांढरी टिंबं.
चि. भ. पावशे.
मी त्यावर लिहिलं: पान चौथे.

सोमवारी या म्हणाले होते तिला.
त्यानंतर चार सोमवार गेले,
ती ह्या बाजूला फिरकली नाही.
काम झालं असेल, किंवा अजून एखादं
रिंगण पडलं असेल कशाभोवती.

झेरॉक्सची जादा प्रत माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
परवा घरी जेवायला बसलो
तेव्हा बायकोला नावानं हाक मारून बघितली.
ती दचकून बाहेर आली.
"काय झालं? कोण आलंय?"