सांधे भरताना

आमच्या न्हाणीघराच्या छताला चार वर्षं
एक डाग राहत होता.
आधी रुपयाएवढा, मग ताटाएवढा,
मग पोपडे सुटायला लागले,
अंघोळ करताना खांद्यावर पडायचे.

नेरूळ. सिडकोची जुनी इमारत, एनएल टाइप.
स्लॅब इतका पातळ, की वरच्यांनी फोडणी दिली
तर शिंक आम्हाला.
वर मढवीकाका, मार्केटातून निवृत्त.
मी सोसायटीला सहा पत्रं लिहिली.
विषय : गळतीबाबत.
विषय : गळतीबाबत स्मरणपत्र.
शेवटच्यात 'कायदेशीर' हा शब्द दोनदा अधोरेखित.
जिन्यात समोरासमोर आलो
की दोघंही मीटरच्या डब्याकडे बघायचो.

प्लंबर आला, वर गेला, खाली आला.
टाइल्स सगळ्या फोडायला लागतील.
पंचेचाळीस हजार.
गॅरंटी मात्र नाही, साहेब.

भानुशालीच्या दुकानातला पोऱ्या हसला.
"टाइल कुठे गळते काका? सांधा गळतो."
आणि काउंटरवर ठेवलं : ग्राउटची दोन पाकिटं,
रबरी पट्टी, वायर ब्रश,
आणि झाकणाची नवी जाळी, झुरळं येऊ नयेत म्हणून.
सातशे चाळीस.

एप्रिलातल्या रविवारी
बादली आणि पटाशी घेऊन मी वरची बेल दाबली.
काका बनियनवर.
म्हटलं, मीच करतो. तुम्ही फक्त उद्यापर्यंत
पाणी वापरू नका इथे.
ते बराच वेळ बादलीत बघत राहिले,
जणू तिच्यात सातवं पत्र होतं.
मग म्हणाले, "चप्पल ऱ्हाऊ दे. ओला हाय."

गुडघ्यांखाली गोणपाट घेऊन बसलो.
पटाशीच्या टोकाने रेघ रेघ उकरत गेलो.
निघत होता काळा लोण्यासारखा गाळ,
साबण, केस, वर्षं.
आरशाखाली टाइलवर चिकटलेली एक मरून टिकली,
कडांनी पांढरी पडलेली.
तिच्याजवळचा सांधा मी ब्रशने घासला नाही,
नखाने साफ केला.
विचारलं काही नाही.

मग कोपऱ्यातली नहाणीची जाळी उचलली,
ट्रॅपमधलं पाणी मगाने उपसलं,
काकांनी टॉर्च धरला,
मी कान जवळ नेऊन वाकलो, पाइप तडकलाय का बघायला.
आणि ऐकलं माझं घर.

कुकरची शिट्टी.
निनादची खुर्ची सरकल्याचा आवाज.
आणि फोनवर ती, अगदी शेजारी बसल्यासारखी :
"नाही गं, आज शांत आहे.
वर गेलाय."

हात थांबला.
मार्कांवरून झालेली ती रात्र आठवली,
साबणाचं भांडं भिंतीवर फोडलं होतं ती,
आणि तिच्या माहेरावरून मी जे बोललो ते,
दार लावून, हळू, असं मला वाटत होतं.

काकांनी टॉर्च हलवला नाही.
"पानी खाली जातं," ते म्हणाले,
"आवाज वर येतो. पाइप येकच."
त्यांनी याबद्दल
कुणालाही पत्र लिहिलं नव्हतं.

ग्राउट कालवलं. दह्यासारखं घट्ट,
पाणी जास्त झालं तर नंतर भेगा पडतात.
बोटाने भरत गेलो, ओल्या फडक्याने पुसत गेलो,
तासाभरात कंबरेने राजीनामा दिला.
शेवटी नवी जाळी बसवायला काढली
तर काकांनी हात मधे घातला.
"जुनीच ऱ्हाऊ दे.
घरात तेवराच आवाज."

खाली आलो. नखांत सिमेंट.
"झालं का?" तिने विचारलं.
मी म्हटलं काहीतरी.
"काय? ऐकू नाही आलं."

डाग आता वाळलाय, कड पिवळी आहे,
रंग अजून दिला नाही.
झाकणाची जाळी तशीच पिशवीत,
बिलासकट.