वर काय दिसता गो

आगबोटीचं नाव शेवंती,
पण भाऊच्या धक्क्यावर तिला सगळे म्हातारी म्हणत.
भोंगा द्यायच्या आधी ती खाकरायची.
मग चिमणीतून पहिला लोट,
आणि धुतल्या धोतरावर काजळी नको म्हणून
अलिबागला निघालेले वकील
वाऱ्याची बाजू सोडून पळायचे.

माझे वडील, धाकू मयेकर, खाली आगवाले.
मी कधी तिकीट काढलं नाही;
इस्माईल सारंग मला बघून न बघितल्यासारखं करायचा.
हातात डबा: तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी,
बाटलीत मीठ घातलेलं पाणी.
लोखंडी शिडीच्या अकरा पायऱ्या.
सातवीपासून तळवे भाजायचे.

खाली दिवस नव्हता.
भट्टीचं दार उघडलं की बाबांचं अर्धंच तोंड दिसायचं.
कोळसा भिरकवायचा नाही, म्हणायचे, पेरायचा.
पातळ, सारखा,
जसं भाजलेल्या राबावर भाताचं बी.
दार बंद. पुन्हा काळोख.
काळोखातून प्रश्न यायचा:
"वर काय दिसता गो?"

मी धावत वर, धावत खाली.
बुचर बेट गेलं.
घारापुरी डाव्या हाताला, तिच्यावर एकच ढग.
एका मचव्याचं शीड फाटलंय, ठिगळ निळं आहे.
मोऱ्याला नवरी उतरली, तिची ट्रंक
पाण्यात पडता पडता वाचली.
बाबा मान हलवायचे,
वाण्याचा हिशेब ऐकावा तशी.

एकदा मी देवमासा सांगितला.
त्यांचं फावडं थांबलं. "किती मोठो?"
"आमच्या चाळीयेवढो."
ते हसले नाहीत.
त्या फेरीला वाफ जरा बेतानेच ठेवली त्यांनी,
आणि वरून घंटेवर घंटा आली तरी
हात उचलला नाही.

बावीस वर्षं हे पाणी ओलांडलं
आगीकडे तोंड करून.
लाटा त्यांना पायांनी कळायच्या,
भरती कोळशाचा ढीग ज्या अंगाला घसरेल त्यावरून,
रेवस दोन ठोक्यांवरून.

शेवटच्या फेरीला सारंग शिडीवरून वाकला.
"धाकू, आज तरी वर ये. पोर टाकेल कोळसा."
आले. हात पंचाला पुसले, पुन्हा पुसले, कठडा धरला.
मी बोट दाखवत सुटले, ते बघा, ते बघा,
इतकी वर्षं सांगितलेलं सगळं, जागच्या जागी.
"आनि तो मासो खंय?"
मी घारापुरीच्या अलीकडे कुठेतरी बोट नेलं.
तिकडे ते बराच वेळ बघत राहिले.
मग त्यांना ओकारी आली.

खाली कधी म्हणून बोट लागली नव्हती या माणसाला.
वकील सरकून बसले. एका बाईने लिंबू दिलं.
"फार मोकळा आसा,"
तोंड पुसत ते म्हणाले, मला नाही, कठड्याला,
आणि पाठमोरे शिडी उतरून गेले.

शेवंती दारूखान्यात तोडली.
घण आमच्या खोलीपर्यंत ऐकू यायचे, दीड महिना.
जेवताना बाबा घास हातात धरून थांबायचे:
हा पत्रा. ही चिमणी.
एका रात्री वेगळाच, जड आवाज आला,
तेव्हा ते काहीच बोलले नाहीत,
आईने न विचारता भात वाढला.

परवा रेवसला गेले, डिझेलच्या लाँचने.
पायाखाली इंजिन थरथरत होतं.
करंजाचा डोंगर एका अंगाने खणून नेलाय,
मोऱ्याला कुणी नवरी उतरली नाही.
सवयीने शिडी शोधली;
तिथे लाइफ जॅकेटं रचलेली, त्यांवर एक मुलगा झोपलेला.
मग घारापुरीच्या अलीकडे
बोट नेलं होतं त्या जागी
बघत बसले.
शेजारच्या माणसाने विचारलं, काय आहे तिकडे?
मी म्हटलं, होता, मोठा होता.