मोज्यातले कॅन

पोर्ट ऑगस्टा. सेहेचाळीस अंश.
माश्यासुद्धा सावली धरून बसलेल्या.
डोरीननं बीअरचे चार कॅन
मर्व्हच्याच जुन्या मोज्यांत घातले,
वर खडूनं आकडे.

पहिलीला त्यानं डोळे मिटले.
"हीच. चाळीस वर्षं हीच."
दुसरी पाणचट, तिसरीला पत्र्याची चव,
चौथीला मेंढीही तोंड लावणार नाही.

मोजे निघाले.
पहिली मेव्हण्याची,
जिच्यावरून नाताळात
दोन घरांचं बोलणं तुटलं.
त्याची स्वतःची, चौथी.

मर्व्ह कॅनवरचा घाम
अंगठ्यानं पुसत राहिला.
"अशा उन्हात पहिली कुठलीही
आपलीच लागते गं."

डोरीन काही बोलली नाही.
फोन त्याच्यापुढं सरकवला,
आणि फ्रीजमधून पाचवा काढला,
मोजा न घालता.