दंडाचं माप

पंचायतीच्या मागं, बोडीच्या पाळीला लागून
आठ यंत्रं उभी केली गेल्या पोळ्याला.
पिवळी, हिरवी. प्रत्येकावर चिकटवलेला एक माणूस,
त्याला दोन पाय, दोन्ही सारखे,
आणि तोंड नाही.

पहिल्या आठवड्यात सगळं गाव चढलं त्यांच्यावर,
नव्या सुना पदर खोचून झुलल्या.
दुसऱ्या आठवड्यात इसनाबाईच्या शेळ्या बांधल्या गेल्या,
मग लुगडी वाळू लागली.
मी तीनचाकी थांबवून लांबून बघायची,
जसं दुकानातलं कापड बघावं
ज्याचा पन्हा आपल्याला पुरणार नाही.

ओटा एक फूट उंच.
ठेकेदार म्हणाला असता, एक पाऊल तर आहे.

पाऊल हे माप मी कधी वापरलं नाही.
माझ्या गळ्यात टेप असते.
गावातल्या एकूण एक बाईची छाती, कंबर, मुंढा मला पाठ,
कोण वाळली, कोणाला दिवस गेले,
नवऱ्याआधी मला कळतं.
माझं माप घेतलं फक्त तालुक्याच्या डॉक्टरनं.
त्यानं टक्के लिहिले. साठ.
उजवी पोटरी शिलाई मशीननं घडवली, धोंड्यासारखी.
डावी त्या तापानंतर तुराटीच राहिली.

मोहफुलं वेचायला बाया निघतात, त्याच्याही आधी
अंधारात गेले.
ओट्यावर बसले, तशीच सरकले तळहातांवर,
लेकरू उंबरा ओलांडतं तशी.
पाहायला एक टिटवी, ती ओरडली.
खुर्चीवर चढायलाच अर्धा तास गेला.
मग वरचे दांडे धरले, खाली ओढले,
आणि खुर्ची वर गेली. माझ्यासकट.

चाळीस वर्षांत मला किती जणांनी उचललं.
बापानं. भावानं. एसटीच्या कंडक्टरनं, बगलेत हात घालून,
तोंड फिरवून.
आज मला मीच उचललं, वीतभर.
लोखंड करकरलं केवढ्यानं!
दुसऱ्या दिवशी मशीनच्या तेलाची बाटली नेली.

कळायचं ते कळलंच.
"कायले वं जीवाले तरास? पाय थोडाच निघनार हाये?"
पायासाठी नाही आले मी. पाय आहे तिथं बरा आहे.
गुणवंत मास्तर मोबाइल काढून उभे,
"वनमाला, तुयापासून शिकावं लोकायनं."
ब्लाउज शिका म्हटलं, मास्तर. फोटो नका काढू जी,
घामेजली आहे मी.

काही दिवस जात नाही.
खांदा ठणकतो, कुबडीची बाजू,
आणि त्या आठांतली सहा पायांचीच आहेत
हे आठवून चिडचिड होते.
एकदा चालायच्या यंत्राशेजारी बसून
त्याला हातानंच ढकललं.
रिकामंच चालत राहिलं ते, किती तरी वेळ,
कुठंही न जाता.
मला हसू आलं, मग नाही आलं.

मंडईच्या आदल्या दिवशी
जांभळा ब्लाउज दंडात अडकला.
टेप लावली. पावणेबारा.
पुन्हा लावली, खोटं नको म्हणून.
मागच्या मंडईला साडेदहा होता.

शिवताना प्रत्येकीच्या बाहीत मी माया सोडते,
उद्या अंग भरलं तर असावी.
माझ्याही बाहीत सोडलेली होती, बोटभर,
हाताच्या सवयीनं.
लागेल असं वाटलं नव्हतं.

ब्लेड घेतलं, टाके उसवू लागले.
दारातून शेवंता ओरडली,
"माया फॉल झाला का वं?"
थांब म्हटलं.
आधी माझं.