पडद्याची डावी कड

पिंपळगावच्या पुढं एका द्राक्षशेडमध्ये सापडलं.
वर मोरचुदाच्या गोण्या, आत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी,
काचेवर चुन्याचा वाळका हात.
शेडवाला निकम म्हणाला, टेबल म्हणून बरंय की, नेता कशाला?
अडीच हजार दिले. शिवाय एक टेबल.

हा रोग असलेले आम्ही चौघं आहोत नाशकात.
देवळाली कॅम्पातला सोहराब: सात मशिनं, एक पंखा,
पंखा मशिनांना.
भद्रकालीतले वझीरचाचा, जळका ट्रान्सफॉर्मर वासावरून ओळखणारे.
नोट प्रेसमधून रिटायर झालेले गायधनी,
जन्मभर नोटा मोजल्या, आता जॉयस्टिकचे गोटे जमवतात.
लाल. फक्त लाल.
आणि मी, सातपूरला सीएनसीवर.

ओझरच्या कमानीसमोर मनसुखभाईंचं पत्र्याचं पार्लर होतं,
पन्नास पैशांत तीन विमानं.
बाप कारखान्यात खऱ्या विमानांना रिव्हेट ठोकायचा.
डोक्यावरून एखादं गेलं की वर्गाची कौलं थरथरत
आणि बाप मान वर न करता सांगे, शेपूट माझ्या हातचं.
बसला नाही कधी.

आमचं विमान तसं जागचं हलत नसे.
आकाशच यायचं उजवीकडून,
डोंगर, तोफा, पापणी मिटणारा दगडी मासा,
आणि डावीकडं गेलं ते गेलं.
कुठं जातं म्हणून आम्ही पोरं
मशीनच्या डाव्या बाजूनं मान घालून बघायचो.
तिथं प्लायवूड होतं
आणि मनसुखभाईंनी विझवून ठेवलेली अर्धी विडी.

नावाला जागा तीन अक्षरांची, इंग्रजी.
हेमांगी बागुल 'हेम' एवढीच मावायची, सगळ्यांत वर.
तिच्याखाली मी.
लाईट गेली की दोघंही जायचो.
पुन्हा चालू केलं की
कुठल्याशा फॅक्टरीत भरलेली परकी नावं, गोल गोल आकडे,
जसं ओझरात कुणी राहतच नव्हतं.

चाचांनी बोर्ड भांड्याच्या साबणानं धुतला,
गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत घातला,
पितळी कडा पोरीच्या खोडरबरानं घासल्या.
लागलं! पण डोंगर गायब.
दीड महिना विमान नुसत्या काळ्यातून जात राहिलं,
कशावर तरी आपटून मरत राहिलं.
मग ओसाकाच्या एका माणसानं चिप पाठवली,
लोकरीच्या मोज्यात गुंडाळून. एकाच मोज्यात.

बंद असताना तिरप्या उन्हात काच बघावी.
जळून उमटलंय तिच्यावर फिकट: नाणं टाका.
एवढंच काय ते लक्षात राहिलंय त्याच्या.

गायधनी सिडकोत चष्म्याचा नंबर काढायला गेले,
बोलता बोलता निघालं.
शनिवारी ती आली, दुकानाची किल्ली मुठीतच.
डाव्या हाताची करंगळी अजून तशीच वर.
तिसऱ्या टप्प्यात, माशापाशी, पुटपुटली,
इथं वरच्या कोपऱ्यात थांबायचं, त्याला तिथलं दिसत नाही.
नव्हतं दिसत त्याला.
मला सदतीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

चौथ्यात मेली. यादीत पहिली आली.
नाव तू टाक, म्हणाली, गिऱ्हाईक उभं असेल.
चहा अर्धा राहिला.

आठ दिवस मशीन बंद केलेलं नाही.
बायको मीटर बघते, मग मला बघते.
काल मेसेज आला:
शनिवारी नऊ ते दोन, देखभालीसाठी पुरवठा बंद.
इन्व्हर्टर पावणेदोन तासांचा.
वहीत लिहून ठेवा की, गायधनी म्हणाले.
लिहिलंय. तारखेसकट.

तरी खुर्ची ओढून बसलोय.
दर चाळीस सेकंदांनी यादी येते वर.
साडेदहा झाले.
आली.
आहे.